नवस माझा, मीठ सुनेचं

मी एकदा भर दुपारी, शेजारपाजारच्या बायकांदेखत, माझ्या सुनेच्या पाया पडले. तिचे हात थरथरत होते, जीभ जड झाली होती, नजर कुठंतरी भलतीकडं लागली होती, आणि मला वाटलं, देवीचं वारं आलं. मी तिच्या कपाळभर कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, पुढ्यात डोकं टेकलं आणि म्हणाले, "माय, काय चुकलं असंल तर सांग." चुकलं तर होतंच. पण ते मी केलं होतं, आणि समोर देवी नव्हती. माझ्या खुळेपणानं अंगात औषधाचं विष झालेली पोर होती.

त्या वेळची मी आज मला रस्त्यात भेटली असती, तर मी तिला चार शब्द ऐकवले असते. पण ती कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हती. वय पन्नाशीचं, तोरा पाटलिणीचा, आणि अक्कल विचाराल तर अजून शेरडांमागं हिंडत होती.

सून म्हणजे माझ्या सख्ख्या भावाची लेक. आमच्यात भावाची मुलगी सून करून आणायची रीत आहे, म्हणून ती मला लग्नाआधीही आत्या म्हणायची आणि लग्नानंतरही आत्याच म्हणते. आमची वस्ती गावापासून थोडी आडबाजूला. आमचे मालक मेंढरं राखायचे, मुलगा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, आणि मी गावच्या अंगणवाडीत सेविका. पोरांना खिचडी द्यायची, पोटुशी बायांना लोहाच्या गोळ्या वाटायच्या आणि वर भाषण द्यायचं, "गोळी चुकवायची न्हाई गं बायांनो, सरकार काय येडं हाय का?" हे ध्यानात ठेवा, कारण पुढं जे झालं ते ह्याच बाईनं केलं.

सुनेला मनाचा आजार होता. कधी तिला असा जोर चढायचा की पहाटेच उठून घर सारवायची, पुढच्या शेजारणीचंही सारवून यायची, बोलायला लागली की समोरच्याला 'हूं' म्हणायला सवड नाही. मग कधी महिना-महिना चुलीपुढं बसून राहायची. तव्यावर भाकरी जळून कोळसा झाली तरी तिच्या ध्यानात यायचं नाही. एकदा आम्हाला तिला मरणाच्या दारातून माघारी आणावं लागलं. ते कसं, काय, हे मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. नात तेव्हा रांगत होती, एवढंच सांगते.

त्यानंतर मुलानं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच विचारपुशीनंतर लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळीचे नियम एखाद्या कडक सासूसारखे. पाणी भरपूर प्यायचं. मीठ रोजच्यासारखं खायचं, एकदम वाढवायचं नाही, एकदम तोडायचं नाही. ठरल्या वेळी रक्त तपासायचं. अंगदुखीची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद तर मुळीच करायची नाही.

पोर हळूहळू ताळ्यावर आली. भाकरी जळेना. हसायची, नातीला न्हाऊ घालायची, माझ्याशी भांडायचीसुद्धा. बरी सून सासूशी भांडते, त्यावरून ओळखावं. पण माणूस बरं झालं की घरच्यांना आजार दिसेनासा होतो आणि गोळ्याच तेवढ्या दिसायला लागतात. फळीवरचं ते गोळ्यांचं पाकीट माझ्या डोळ्यांत सलायला लागलं. कुणी पाव्हणं आलं की मी ते पिठाच्या डब्यामागं सारायची. गावभर गोळ्या वाटणाऱ्या बाईच्या घरात येडाच्या गोळ्या, हे मला सोसत नव्हतं.

म्हणून चातुर्मास लागला तसा मी देवीला नवस बोलले, "माझ्या सुनंच्या गोळ्या सुटू दे, ती चातुर्मासभर अळणी खाईल." म्हणजे मिठाचा कणही नाही. आमच्याकडं बाया चातुर्मासात काही ना काही सोडतात. कुणी वांगं, कुणी कांदा, कुणी पायातल्या चपला. मीठ सोडणं सगळ्यात कडक, म्हणून मी तेच निवडलं. नवस माझा, फेडायचा तिनं. मला स्वतःला डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं होतं. ते काही मी केलं नव्हतं. मला खर्डा लागायचा, लोणचं लागायचं, वर ताटात चिमूटभर कोरडं मीठही लागायचं.

सून म्हणाली होती, "आत्या, डॉक्टरीणबाईंनी मीठ तोडू नका म्हणलंय."

मी म्हणाले, "मीठ कमी करा म्हणणारे डॉक्टर मी लई बघितलेत. खा म्हणणारा एक तरी बघितलास का? उलटं ऐकलं असशील."

"न्हाई आत्या, सुलटंच ऐकलंय."

"मग देवी मोठी का डॉक्टरीण मोठी?"

ह्या प्रश्नावर सुनेनं काय बोलावं? ती गप्प झाली. मला वाटलं, पटलं. आज कळतं, ती आमच्या घरात मान खाली घालून राहत होती. आपण मरायला निघालो आणि ह्या लोकांना खाली बघायला लावलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. असं माणूस 'न्हाई' म्हणू शकत नाही. तिच्या त्या गप्प बसण्याला मी सोशिकपणा म्हणून दारोदार मिरवलं.

पहिले काही दिवस काही झालं नाही. मग तिचं जेवण तुटलं. अळणी भाकरी, अळणी वरण, कोण खाणार? तहान तहान करायची, पण पाणी पोटात ठरेना. मळमळ, जुलाब. मी म्हणाले, नेमानं पोट शुद्ध होतंय. चहाचा कप धरला की चहा बशीत, बशीतला लुगड्यावर. मी म्हणाले, अशक्तपणा. मग पाय असे पडायला लागले जसे नुकत्याच जन्मलेल्या कोकराचे, आणि बोलणं जाडं झालं. त्यावर मात्र मी म्हणाले, देवी आली.

ह्याला माझ्या माहेरचंही एक कारण आहे. आमची एक मावशी होती. तिलाही असा जोर चढायचा, मग असंच मावळून जायचं. जोरात असली की लोक तिच्यापुढं लिंबू ठेवायचे, मावळली की तिला गोठ्याशेजारी निजवायचे. औषध कुणी दिलं नाही, कारण आजार आहे असं कुणी म्हटलंच नाही. एका वर्षी ती गेली. आम्हा पोरींना सांगितलं, देवीनं नेली. मी ते इतकी वर्षं खरं धरून चालले होते. आमच्या रक्तातलंच काही सुनेत उतरलं असेल, हा विचार मला शिवला नाही. देवीचा मान आपल्या घराला, एवढंच मला कळलं.

तर मी पाया पडले. शेजारणी हात जोडून बसल्या. एकीनं विचारूनही घेतलं, "माय, आमच्या पोराचं लगीन कवा जमंल?" सुनेनं तोंड उघडलं. सगळ्या पुढं सरसावल्या. ती कशीबशी म्हणाली, "आत्या... गोळी... दवाखाना." आणि ओटीतल्या नारळावर भडाभडा ओकली.

देवी ओकत नाही, एवढी अक्कल मला होती.

मुलगा त्या दिवशी नशिबानं घरी होता. शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून डोळ्यांत जात होतं आणि मी ते पदरानं पुसत होते. सारखं वाटत होतं, भावाला काय सांगू? तुझी लेक मीठ तोडून मारली, असं?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाण्यापिण्यात काही बदल केला होता का?"

मी म्हणाले, "न्हाई."

मुलगा म्हणाला, "न्हाई हो मॅडम, नेहमीचंच." त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. तो टँकर घेऊन निघायचा तो तिसऱ्या दिवशी यायचा.

मग मलाच राहवेना. मी नवसाचं सांगितलं. मला वाटलं, आता बाई चारचौघांत झाडणार. पण त्यांनी आधी नर्सला सलाईन लावायला सांगितलं, रक्त घ्यायला सांगितलं, आणि मग माझ्याकडं वळून विचारलं, "आजी, तुम्हाला स्वतःला काही त्रास?"

"बीपी हाय."

"मग मीठ तुम्ही सोडायचं होतं."

त्यांनी मला नीट समजावूनही सांगितलं. अंगातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंड हे औषध बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं. रोजचीच गोळी, पण अंगात साठत जाते आणि तिचं विष होतं. मी मान हलवत होते. घरी आल्यावर आमच्या मालकांनी तेच एका वाक्यात सांगितलं. मी मेंढरांसाठी मिठाचा खडा टांगत होते, ते बघून म्हणाले, "मेंढरांला चाटायला मीठ देतीस अन् पोरीचं तोडतीस व्हय? तुला अंगणवाडीत घेतली कुणी?"

सुनेचा जीव वाचला. मूत्रपिंडही वाचलं. पण लिथियम काही दिवस बंद ठेवावं लागलं, तोवर दुसऱ्या गोळ्या. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ही गोळी नुसतं मन ताळ्यावर ठेवत नाही. ह्या आजारात मरणाची ओढ लागते. ती ओढ ह्या गोळीनं बऱ्याच जणांची कमी होते. म्हणून आपल्याला ती पुन्हा सुरू करायची आहे, कमी प्रमाणात, रक्त बघत बघत. आता ती अचानक बंद झालीय, हे दिवस जपायचे आहेत. तिला एकटं सोडू नका. धोक्याची वस्तू घरात ठेवू नका. आणि तिला विचारत राहा."

"काय इचारू?"

"मरावंसं वाटतं का, असं सरळ."

मी कानांवर हात ठेवले. "असं अभद्र कसं बोलायचं बाई? नसलेलं तिच्या मनात भरायचं?"

"विचारल्यानं भरत नाही. असलं तर बाहेर येतं. आणि हो म्हणाली, तर तिला घेऊन त्याच दिवशी या."

घरातलं जे जे हलवायचं ते मालकांनी भावकीत नेऊन ठेवलं. माझ्या गुडघ्याच्या गोळ्यासुद्धा नेल्या. मी दिवसभर तिच्या मागं. अंगणवाडीला रजा टाकली. ती शेतात तर मी बांधावर, ती धुण्याला तर मी दगडावर. संडासाच्या दारापुढं बसून मी लसूण सोलला. आतून आवाज यायचा, "आत्या, हितं तरी एकटीला राहू द्या." मी म्हणायची, "लसूण सोलतीय गं, तुझं चालू दे."

पण तो एक प्रश्न काही माझ्या तोंडातून निघेना. बाकी सगळं विचारून झालं. भूक हाय का? झोप लागली का? डोकं दुखतंय का? माहेरची आठवण येती का? ज्या बाईनं भर चौकात लोकांच्या लेकीसुनांना पाळी कधी आली हे विचारलं, तिची जीभ घरात टाळ्याला चिकटली. असं करता करता दवाखान्यात न्यायचा दिवस आला, आणि सून म्हणाली, जायचं न्हाई. मुलानं समजावलं, हातापाया पडला. ती नुसती म्हणायची, "जाऊ की, पुढल्या हप्त्यात." त्याला टँकर घेऊन निघावं लागलं. जाताना माझ्याकडं असा बघत गेला, जसं काही तिच्या मनाला मीच कुलूप घातलं होतं आणि किल्लीही माझ्याचकडं होती.

दुपारी आम्ही दोघी ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. तिची बोटं एकच शेंग फिरवत होती. नात शेजारीच टरफलं उडवत होती. मी मान वर न करता म्हणाले, "मरावं वाटतंय का गं तुला?"

बोलून गेले आणि वाटलं, आता आभाळ पडतंय.

ती म्हणाली, "व्हय."

इतक्या सहज म्हणाली, जसं मी भाजीत मीठ बरोबर झालंय का विचारावं आणि तिनं सांगावं.

"कवापासून?"

"दवाखान्यातून आल्यापासून. आधी कधीमधी, आता रोजच."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"इचारलं कुणी?"

मी सोललेले मूग परत टरफलांत टाकत होते, ते तिनंच दाखवलं. मग मी म्हणाले, "चल, आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईकडं. गोळी चालू करू."

"गोळी न्हाई घेणार."

"का?"

"घेतली तर परत तसंच होईल. पाय गेलते माझे, आत्या. जीभ गेलती. तुमाला वाटलं देवी, मला वाटलं मी जिती पुरली जातीय. मला सगळं कळत होतं अन् बोलता येत न्हवतं." ती पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघत होती. "तुमच्या घरात कवा काय तुटंल, भरवसा न्हाई. आज मीठ सोड म्हणलात, उद्या देवीनं पाणी सोड म्हणलं तर पाणी सोडायला लावताल."

डॉक्टर, गोळी, रक्त, हे सगळं ठीक. पण ती मला घाबरत होती. मरण बरं, पण सासूच्या हातचं जेवण नको, इथवर मी तिला आणून सोडलं होतं. शपथ घेतली असती तर कुठली घेणार? देवीची?

"मग काय करू ते तू सांग," मी म्हणाले.

आणि तशा अवस्थेत, मरायचं मनात असताना, पोरीच्या ओठाच्या कोपऱ्यात मला जरा वाकडेपणा दिसला. आमच्याच घराण्यातली, शेवटी. म्हणाली, "नवस तुमचा हाय ना? तुमी फेडा. तुमाला बीपी बी हाय."

"अन् मग तू गोळी घेशील?"

"तुमी कितपत टिकताय बघू, मग सांगते."

"तसं न्हाई. आज जीपमधी बसायचं. मीठ मी आत्तापासून सोडते."

नातीला शेजारणीकडं दिलं आणि निघालो. वाटेत वडापाव घेतला, तोही तिनं माझ्या हातातून काढून घेतला. "ह्यात मीठ हाय," म्हणाली आणि स्वतः खाल्ला. कितीतरी दिवसांनी ती पोटभर खाताना दिसली, म्हणून मी काही बोलले नाही. उपाशी बसले. डॉक्टरीणबाईंपुढं तिनं मला सांगितलेलं तेच 'व्हय' पुन्हा म्हटलं. त्यांनी तिला काही दिवस ठेवून घेतलं, मी तिच्या खाटेखाली पथारी टाकली, आणि गोळी पुन्हा सुरू झाली.

मी त्या चातुर्मासात अळणी खाल्लं. सुरुवातीला रडकुंडीला आले. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, अगदी अळणी नको, कमी खा. ते अजून पाळते. जेवणाला चव म्हणून राहिली नाही.

ही गोष्ट इथं गोड झाली असं कुणी समजू नये. ही गोळी काही जादू करत नाही. तिच्या बोटांना थोडी थरथर कायमची राहिली. अंग सुटलं. तहान फार. मधे दोनदा परत मावळली, दोनदा आम्ही धावलो. दर काही महिन्यांनी रक्त. गोळी घ्यायच्या आधी सकाळी रक्त द्यायचं, म्हणून उजाडायच्या आत निघायचं, कधी एसटी, कधी जीप, पुढं रांग. उन्हाळ्यात तिच्या मागं पाण्याची बाटली घेऊन फिरायचं. रात्री जेवण झालं की गोळी. कुणाच्या लग्नाला गेलो तरी गोळी, दारात मयत झाली तरी गोळी. माणसाचा जीव वाचवायचा म्हणजे काहीतरी मोठं करायचं असतं असं मला वाटायचं, नदीत उडी मारण्यासारखं. तसं काही नसतं. रोज तेच ते. मी थकले. खरं सांगते, कधीकधी मला त्या पाकिटाचा इतका कंटाळा येतो की भिंतीवर मारून फेकावं. मारत नाही. गोळी मोजून तिच्या हातावर ठेवते.

आणि विचारत राहिले. डॉक्टरीणबाईंचं एवढं एक मी अक्षरशः पाळलं. गोळी सुरू झाल्यावर रोज सकाळी चहाच्या वेळी, मेंढरं मोजून घ्यावीत तसं, "मरावं वाटतंय का?" "न्हाई." "बरं." आणि मी उठून कामाला. झालं माझं कर्तव्य. एक दिवस तिनं 'न्हाई' म्हटलं, मी 'बरं' म्हणून गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले, तर तिनं माझा पदर धरला. चहा गार होत होता. ती म्हणाली:

"आत्या, रोज इचारत जाऊ नका, लई कंटाळा येतो. एकाआड एक दिवस इचारा. पण मी न्हाई म्हणलं तरी लगीच उठून जाऊ नका, जरा बसत जा. कवाकवा खरं सांगायला मला येळ लागतो."